वेगळा डॅक की सीडी प्लेअर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन्हींत सरस कोण: डॅक की सीडी प्लेअर?

प्रश्न जरा फसवा आहे, कारण प्रत्येक सीडी प्लेअरच्या पोटात एक डॅक (डिजिटल-टू-अॅनलॉग कन्व्हर्टर, म्हणजे आकड्यांचा आवाजाच्या विद्युत लहरीत बदल करणारा भाग) असतोच. प्लेअर तीन कामं करतो. लेझरने तबकडी वाचून आकडे मिळवतो, त्या आकड्यांपासून विजेचा बदलता दाब तयार करतो, आणि तो दाब अॅम्प्लिफायरला हवा त्या पातळीला आणून मागच्या लाल-पांढऱ्या सॉकेटवर देतो. पहिलं काम ट्रान्सपोर्टचं, दुसरं डॅक चिपचं, तिसरं अॅनलॉग आउटपुट सर्किटचं. वेगळा डॅक घेतला की दुसरं आणि तिसरं काम त्याच्याकडे जातं, प्लेअरकडे फक्त वाचन उरतं.

तेव्हा खरा प्रश्न एवढाच: तुमच्या प्लेअरमध्ये ही दोन कामं इतकी वाईट होतात का, की ती बाहेर न्यावीत? धडधाकट प्लेअरच्या बाबतीत माझं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असं असतं. डॅक घ्यायला चांगली कारणं आहेत, पण ‘सीडी जास्त छान वाजाव्यात’ हे त्यांतलं सगळ्यांत लंगडं कारण.

सीडीवर नेमकं काय साठवलेलं असतं?

दर सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (सॅम्पल म्हणजे त्या क्षणीच्या आवाजाचं मोजमाप), प्रत्येक सॅम्पल १६ बिटांचं, आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट. हे प्रमाण सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० मध्ये मिळून ठरवलं आणि ते रेड बुक नावाने ओळखलं जातं.

४४,१०० हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे चक्क व्हिडिओ टेप आहे. त्या काळी डिजिटल ध्वनिमुद्रण साठवायला व्हिडिओ रेकॉर्डर वापरत, आणि चित्राच्या प्रत्येक रेषेत तीन सॅम्पल बसवत. सेकंदाला ६० फील्डच्या (फील्ड म्हणजे चित्राच्या एकाआड एक रेषांचा संच) पद्धतीत दर फील्डमागे वापरता येण्याजोग्या २४५ रेषा, ५० फील्डच्या पद्धतीत २९४. दोन्हीकडे गुणाकार करून पाहा, उत्तर ४४,१०० च येतं.

या दराने २२ किलोहर्ट्झच्या जरा वरपर्यंतचा आवाज साठवता येतो, म्हणजे तरुण कानाची मर्यादाही त्यात बसते. १६ बिटांमुळे सर्वांत मोठा आणि सर्वांत बारीक आवाज यांत सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. आजचे बरेच डॅक ११५-१२० डेसिबलची क्षमता सांगतात आणि ती खरीही असते, पण सीडी वाजवताना मर्यादा तबकडीची लागू होते, डॅकची नाही. शिवाय शांत समजल्या जाणाऱ्या खोलीतही तीसेक डेसिबलचा गोंगाट असतोच.

ट्रान्सपोर्ट महागडा असला की बिट जास्त नीट वाचले जातात का?

तबकडी धड असेल तर साधा ट्रान्सपोर्टही तेच बिट वाचतो. सीडीवरची माहिती सलग लिहिलेली नसते. ती विस्कटून, जास्तीच्या तपासणी-आकड्यांसह पसरवलेली असते. त्यामुळे सलग सुमारे ४,००० बिट गेले, म्हणजे ट्रॅकच्या लांबीत साधारण अडीच मिलिमीटरचं भगदाड पडलं, तरी मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळवता येतात. ‘जवळपास तसेच’ नव्हे, तंतोतंत तेच.

त्यापलीकडचं नुकसान झालं तर प्लेअर आजूबाजूच्या सॅम्पलवरून मधलं सॅम्पल अंदाजाने भरतो, आणि तेही जमेना झालं की आवाज क्षणभर बंद करतो किंवा तबकडी अडखळते. इथे एक ट्रान्सपोर्ट दुसऱ्यापेक्षा सरस ठरू शकतो: खराब तबकड्या सांभाळून घेण्यात. पण तो फरक टिकटिक, अडखळणं अशा रूपात दिसतो. ‘आवाजाला गोडवा आला’, ‘मंच रुंद झाला’ अशा रूपात नाही.

खात्री करायची असेल तर सीडी संगणकावर फाइलमध्ये उतरवून घ्या. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखे प्रोग्राम तुमचा निकाल अॅक्युरेटरिप या सामायिक नोंदीशी ताडून पाहतात. वेगवेगळ्या घरांतल्या, वेगवेगळ्या ड्राइव्हवर वाचलेल्या त्याच सीडीचे बिट एकसारखे निघतात, आणि त्यांत संगणकातले साधेसुधे ड्राइव्ह भरपूर असतात.

जाता जाता: तबकडी पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. गोल चरा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि एका जागी खूप माहिती खातो. आणि छापील बाजूही जपा. चमकदार थर त्या बाजूच्या वार्निशखाली लगेच असतो. तिथला खोल ओरखडा कुठल्याही पॉलिशने भरून येत नाही.

जिटर म्हणजे काय, आणि त्याची धास्ती घ्यावी का?

सॅम्पल बरोबर असून भागत नाही, ती बरोबर क्षणी आवाजात बदलली गेली पाहिजेत. हा क्षण पुढेमागे हलतो त्याला जिटर म्हणतात.

इथे एक गंमत आहे. एकाच डब्यातल्या सीडी प्लेअरमध्ये ही अडचण मुळात लहान असते. डॅकशेजारी घड्याळासारखा ठेका देणारा एक क्रिस्टल असतो, तोच सगळ्यांचा मालक. तबकडीवरून आलेले बिट आधी एका छोट्या साठ्यात पडतात आणि क्रिस्टलच्या ठेक्यावर बाहेर येतात. तो साठा फार भरू नये आणि रिकामाही होऊ नये, अशा बेताने मोटरचा वेग कमीजास्त केला जातो. तबकडी फिरताना जी काही थरथरते ती साठ्यापर्यंतच पोहोचते, पुढे जात नाही.

डॅक वेगळा केला की हा मालक दुसऱ्या डब्यात राहतो. कोअॅक्शियल किंवा ऑप्टिकल तारेतून आकडे आणि ठेका एकत्र गुंफून पाठवले जातात, आणि डॅकला त्यातून ठेका वेचून काढावा लागतो. म्हणजे प्लेअरची सुधारणा म्हणून वेगळा डॅक घेताना आपण एक नवा प्रश्न विकत घेतो, आणि मग डॅक तो प्रश्न किती छान सोडवतो याच्या जाहिराती वाचतो. सुरुवातीच्या काही डॅकमध्ये हे काम खरंच यथातथा होतं. आता मात्र डॅक आलेला ठेका गाळून घेतो किंवा स्वतःच्या क्रिस्टलवर नव्याने बसवतो, आणि चांगल्या डॅकमध्ये जिटरमुळे उमटणारे अवशेष संगीताच्या शंभर डेसिबल खाली असतात.

यूएसबीची तऱ्हा वेगळी. असिंक्रोनस यूएसबीमध्ये डॅकच संगणकाला ‘आता पाठव, आता थांब’ असं सांगतो, त्यामुळे मालकी पुन्हा डॅकच्या क्रिस्टलकडे येते. जिटरच्या बाबतीत हीच व्यवस्था सगळ्यांत सरळ.

मल्टिबिट, आर-टू-आर, डेल्टा-सिग्मा, नॉस: यांतलं काय घ्यावं?

थोडा इतिहास पाहू, म्हणजे हे वाद कुठून आले ते कळेल. सोनीचा सीडीपी-१०१ हा विक्रीला आलेला पहिला प्लेअर, ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात. त्यात १६ बिटांचा एकच डॅक होता आणि तो डाव्या-उजव्या वाहिनीला आळीपाळीने वापरला जाई, त्यामुळे दोन्हींत साधारण ११ मायक्रोसेकंदांचं अंतर पडे. फिलिप्सची चिप १४ बिटांची होती, पण त्यांनी सॅम्पलचा दर चौपट करून आणि उरलेली चूक कानाला न ऐकू येणाऱ्या पट्ट्यात ढकलून १६ बिटांच्या तोडीचं काम काढलं. आधी डिजिटलमध्येच दर वाढवायचा आणि मग सौम्य अॅनलॉग फिल्टर लावायचा, ही कल्पना इतकी भक्कम निघाली की पुढे सगळ्यांनी तीच उचलली.

१९८५ मध्ये फिलिप्सची १६ बिटांची टीडीए-१५४१ आली. तिच्यावरचे प्लेअर आजही लोक शोधून शोधून घेतात. मल्टिबिट चिपमध्ये प्रत्येक बिटासाठी वेगळ्या वजनाचा विद्युतप्रवाह असतो आणि ती वजनं अत्यंत अचूक लागतात. आर-टू-आर हा त्याचाच प्रतिरोधकांच्या शिडीवर बांधलेला प्रकार. अचूक प्रतिरोधक घडवणं खर्चाचं, म्हणून १९८०च्या दशकाच्या अखेरीस एकबिटी आणि नंतर काही बिटांच्या डेल्टा-सिग्मा चिपा आल्या. त्यांत वजनांच्या अचूकतेची जागा प्रचंड वेगाने घेतली. आज ईएसएस, एकेएम, सिरस लॉजिक यांच्या बहुतेक चिपा याच घराण्यातल्या आहेत.

मोजमापात डेल्टा-सिग्मा सहज पुढे असतात. आर-टू-आरचे चाहते सांगतात की त्याचा आवाज ‘सहज’ वाटतो. काहींना तो आवडतो यात वाद नाही, पण बरेचदा त्यामागे जराशी जास्त विकृती किंवा फिल्टरमधला फरक असतो. नॉस म्हणजे दर न वाढवणारा डॅक. त्यात २० किलोहर्ट्झपाशी आवाज सुमारे तीन डेसिबलने खाली येतो आणि ऐकू येण्याच्या पट्ट्याच्या वरच्या बाजूला नको त्या प्रतिमा (मूळ सुरांच्या उंच वारंवारतेतल्या नकला) उरतात. तो ‘उबदार’ वाटतो याचं मोठं कारण हे उतरलेलं टोक. आवडला तर जरूर वापरा, फक्त तो जास्त अचूक आहे असं कुणाला सांगू नका.

माझ्या मते चिपच्या नावावरून डॅक निवडणं हा वेळेचा अपव्यय आहे. तीच चिप एका डब्यात उत्तम चालते, दुसऱ्यात सुमार. वीजपुरवठा, मांडणी आणि आउटपुट सर्किट यांवर सगळं ठरतं.

पण मला फरक स्पष्ट ऐकू येतो. तो भास का?

भास असेलच असं नाही. बरेचदा तो फरक अगदी खरा असतो, फक्त त्याचं कारण वेगळं असतं: एक यंत्र थोडं मोठ्याने वाजत असतं. सीडी प्लेअरच्या आउटपुटची प्रचलित पातळी दोन व्होल्ट. पुष्कळ डॅक त्याहून जास्त देतात, आणि एक्सएलआर (तीन पिनांच्या) आउटपुटवर ती चार व्होल्ट असणं सर्रास आढळतं. प्लेअर दोन व्होल्ट आणि डॅक २.३ व्होल्ट देत असेल तर डॅक १.२ डेसिबलने मोठा वाजतो. एवढा फरक कानाला ‘मोठा’ म्हणून जाणवतही नाही, तो ‘भरीव’, ‘मोकळा’, ‘तपशीलवार’ म्हणून जाणवतो. दुकानातली अर्धी प्रात्यक्षिकं यावरच चालतात.

मग घरी प्रामाणिक तुलना कशी करावी?

सोपं आहे. प्लेअरचं अॅनलॉग आउटपुट अॅम्प्लिफायरच्या एका इनपुटला जोडा. त्याच प्लेअरचं डिजिटल आउटपुट डॅकला द्या आणि डॅक अॅम्प्लिफायरच्या दुसऱ्या इनपुटला. आता एकच तबकडी, एकच वाचन, आणि रिमोटच्या बटणावर दोन डॅक समोरासमोर.

पण आधी पातळी जुळवायची, आणि कानाने नाही. ऑडॅसिटीसारख्या प्रोग्राममध्ये ४०० हर्ट्झचा एकसुरी आवाज तयार करून कोऱ्या सीडीवर लिहा. तो मध्यम आवाजात वाजवून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. टोकं एकमेकांना टेकू देऊ नका, अॅम्प्लिफायर जाईल. ४०० हर्ट्झच का, तर साधे मल्टिमीटर वरच्या वारंवारतेला चुकीचं दाखवतात. दोन्ही इनपुटवरचे आकडे एक टक्क्याच्या आत आले की जुळलं. डॅकला व्हॉल्यूम असेल तर तो वापरा, नाहीतर अॅम्प्लिफायरमधली इनपुटची पातळी बदलण्याची सोय वापरा.

मग घरातल्या कुणाला तरी बटण दाबायला बसवा. कुठलं चालू आहे ते तुम्हाला सांगायचं नाही आणि चेहऱ्यावरही दाखवायचं नाही. वीसेक वेळा अंदाज लिहून ठेवा. पंधरा किंवा जास्त बरोबर आले तर फरक आहे असं मानायला हरकत नाही. दहा-अकरा आले तर तो नाणेफेकीचा निकाल.

डॅकने हमखास सुधारणा होते असे प्रसंग कोणते?

संगणकाच्या हेडफोन सॉकेटमधून अॅम्प्लिफायरला तार जोडली असेल तर. तिथली खरखर, माऊस हलवताना येणारी किरकिर, अपुरी पातळी, हे सगळं बाहेरच्या डॅकने एका झटक्यात जातं. टीव्हीचा आवाज स्पीकरवर आणायचा असेल तर. जुन्या प्लेअरच्या आउटपुटमधले कपॅसिटर वाळून एक वाहिनी मंद झाली असेल, पण लेझर ठणठणीत असेल तर. आणि मुख्य म्हणजे प्लेअर, संगणक, टीव्ही, स्ट्रीमर अशा चार-पाच गोष्टी एकाच अॅम्प्लिफायरला जोडायच्या असतील तर. हे शेवटचं कारण माझ्या लेखी सगळ्यांत भक्कम.

कोअॅक्शियल की ऑप्टिकल?

सीडीच्या बिटांसाठी दोन्ही सारखेच. स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येत असेल तर ऑप्टिकल, कारण काचेतून किंवा प्लास्टिकमधून वीज जात नाही आणि अर्थिंगचा फेरा तुटतो. ऑप्टिकलची तार टोकदार वाकवू नका. कोअॅक्शियलला ७५ ओहमची तार लागते, जुन्या व्हिडिओची पिवळी तार चालते.

एसएसीडी प्लेअरचं डिजिटल आउटपुट डॅकला दिलं तर एसएसीडी वाजेल का?

सहसा नाही. एसएसीडीच्या (सुपर ऑडिओ सीडी, सीडीहून वेगळ्या पद्धतीने मुद्रण साठवणारी तबकडी) थरातली माहिती साध्या कोअॅक्शियल-ऑप्टिकल आउटपुटवर दिली जात नाही. दुथरी तबकडी असेल तर तिचा सीडीचा थर मात्र नेहमीसारखा मिळतो. एसएसीडी ऐकायला प्लेअरचं स्वतःचं अॅनलॉग आउटपुट वापरा.

काही जुन्या सीडी डॅकवरून कर्कश वाजतात, प्लेअरवरून मात्र ठीक. असं का?

हे कान फार तल्लख आहेत, शाबास. १९८०च्या दशकातल्या काही सीडींवर प्री-एम्फसिस असतो: मुद्रण करताना वरचे सूर मुद्दाम उचललेले असतात, अगदी टोकाला जवळपास दहा डेसिबल, आणि वाजवताना तेवढेच खाली आणायचे असतात. त्याची खूण तबकडीवर असते आणि सीडी प्लेअर ती पाळतो. बाजारातले पुष्कळ नवे डॅक ती खूण बघतच नाहीत, म्हणून सगळं चिरकं वाजतं.

फाइलमध्ये उतरवलेल्या सीडीचंही तेच होतं, आणि काही तबकड्यांवर ही खूण अनुक्रमणिकेत नसून फक्त ट्रॅकच्या सबकोडमध्ये (आवाजासोबत लिहिलेल्या जोड-माहितीत) असते, त्यामुळे प्रोग्रामच्या नजरेतून सुटते. सॉक्स नावाच्या प्रोग्रामने फाइल दुरुस्त करता येते. जुन्या सीडींचा संग्रह मोठा असेल तर प्लेअर काढून टाकण्याआधी याचा विचार करा.

आणि नव्या सीडी फाटल्यासारख्या वाजतात त्याचं काय?

दोष बहुधा मास्टरिंगचा, म्हणजे सीडी छापण्याआधी मुद्रणावर होणाऱ्या शेवटच्या संस्काराचा, असतो. १९९०च्या दशकापासून मुद्रण अधिकाधिक मोठ्या आवाजात करण्याची चढाओढ लागली, आणि सूक्ष्म-तीव्र यांतलं अंतर चेपलं गेलं. त्यात डॅकची भर पडू शकते: सगळी सॅम्पल मर्यादेच्या आत असली तरी दोन सॅम्पलमधली वक्ररेषा मर्यादेच्या वर जाऊ शकते. दर वाढवणाऱ्या फिल्टरला तो उंचवटा मोजावा लागतो, आणि जागा ठेवलेली नसेल तर तो कापला जातो. संगणकावरून वाजवत असाल तर प्रोग्राममध्येच आवाज तीनेक डेसिबलने उतरवून पाहा.

एकाच अल्बमच्या जुन्या आणि ‘रीमास्टर’ केलेल्या सीडींतला फरक हा दोन डॅकमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. डॅक बदलत बसण्यापेक्षा चांगली आवृत्ती शोधणं जास्त फळ देतं.

डीव्हीडी किंवा ब्लू-रे प्लेअर ट्रान्सपोर्ट म्हणून चालेल का?

चालेल. फक्त डॅकच्या पडद्यावर ४४.१ दिसतं का ते बघा. काही प्लेअर सगळं ४८ ला बदलून पाठवतात. बऱ्याच प्लेअरमध्ये ते सेटिंगमध्ये बंद करता येतं.

सगळ्या सीडी फाइलमध्ये उतरवल्या तर प्लेअर विकून टाकू का?

फ्लॅकमध्ये (काहीही न गमावता आवाज आटोपशीर साठवणारा फाइलचा प्रकार) उतरवल्यात तर एकही बिट जात नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. आवाजाच्या दृष्टीने प्लेअरची गरज संपते. अट एवढीच की संगणकाने मध्ये ढवळाढवळ करू नये. विंडोजमध्ये एक्सक्लुझिव्ह मोड निवडा, नाहीतर सिस्टीमचा मिक्सर आवाजाचा दर बदलू शकतो. ब्लूटूथने पाठवलंत तर मात्र बहुतेक वेळा काटछाट होते: एलडॅक या ब्लूटूथवरच्या आवाजाच्या पद्धतीचा सगळ्यांत वरचा वेगही सेकंदाला ९९० किलोबिट, आणि सीडीला १,४११ लागतात. ती काटछाट ऐकू येईलच असं नाही, पण होते.

विकावं का, हे तुम्ही कसे ऐकता त्यावर आहे. हातात तबकडी असली की मी अल्बम अखेरपर्यंत ऐकतो, फाइलींच्या यादीत तिसऱ्या गाण्यापाशी बोट वळवळायला लागतं. म्हणून माझा प्लेअर जागेवर आहे.

जुना प्लेअर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

ट्रे अडकत असेल तर बहुधा रबरी पट्टा सैल झालेला असतो, ते काम किरकोळ. तबकडी वाचायला वेळ लागत असेल तर आधी लेन्सवरची धूळ स्वच्छ करून बघावी. लेझरच थकला असेल तर त्याच नमुन्याचा पिकअप (लेझर आणि लेन्सचा जोडभाग) मिळतो का ते आधी शोधा, प्लेअर उघडण्याच्या गोष्टी नंतर. बऱ्याच जुन्या यंत्रणांचे पिकअप आता बनत नाहीत, आणि पर्याय म्हणून मिळणारे तितके टिकाऊ नसतात. वापरलेला प्लेअर घेताना घरून लांबलचक सीडी न्या आणि शेवटचा ट्रॅक लावून बघा. सीडी मधून कडेकडे वाचली जाते, त्यामुळे दुखणी बाहेरच्या कडेला आधी दिसतात. घरी लिहिलेली सीडीही न्या. तिचं परावर्तन वेगळं असतं आणि थकलेला लेझर तिथेच पहिल्यांदा कुरकुरतो.

डॅकमध्ये झिजणारं असं काही नसतं. त्याचं म्हातारपण वेगळ्या वाटेने येतं: त्याचा खास यूएसबी ड्रायव्हर नव्या संगणकावर चालेनासा होतो. ड्रायव्हर न मागणारा डॅक घ्या.

डॅक सरळ पॉवर अॅम्प्लिफायरला जोडता येतो का?

त्याला व्हॉल्यूम असेल तर येतो. पहिल्यांदा चालू करताना व्हॉल्यूम शून्यावर असल्याची खात्री करा. काही डॅक सेटिंग विसरून पूर्ण पातळीवर चालू होतात, आणि त्याची किंमत ट्वीटर (स्पीकरमधले वरचे सूर वाजवणारे भाग) मोजतात.

डॅक सतत चालू ठेवावा का? ‘शंभर तास वाजला की आवाज खुलतो’ हे खरं आहे का?

सर्किट काही मिनिटांत स्थिर तापमानाला येतं, तेवढं पुरे. शंभर तासांत खुलतात ते आपले कान, नव्या आवाजाला सरावून. व्हॉल्व्हचं (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबचं) आउटपुट असलेला डॅक मात्र ऐकणं झालं की बंद करा. व्हॉल्व्हचं आयुष्य तासांवर मोजलं जातं.